नळीवरची अक्षरे

२०२० च्या ऑक्टोबरात, टाळेबंदीची गाठ नुकती कुठे सैल होऊ लागली असताना, वडाळ्याच्या एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला. फाइव्ह गार्डन्सपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या तीन मजली इमारतीत त्यांच्या तीन पिढ्या राहिल्या. घरात परवान्यावरची तीन शस्त्रे होती. एक बारा बोअरची दुनळी बंदूक आणि दोन ठासणीची रिव्हॉल्व्हर. वडिलांच्या पश्चात ती रीतसर या स्नेह्यांच्या नावावर झाली होती. आता कायदा बदलला होता. तिघांपैकी एकाला घराबाहेर काढायचे होते आणि कोणाला, एवढाच प्रश्न होता.

खरे तर त्यांच्यापुरता तो सुटलेलाही होता. दुनळी वडिलांच्या हातची, ती राहणार. उरलेल्या दोन रिव्हॉल्व्हरपैकी एक लखलखीत होते. दरवर्षी दसऱ्याला पाटावर मांडून त्याची पूजा होत असे, आणि घरातली आख्यायिका अशी की ते पणजोबांना सत्तावनच्या उठावाच्या काळात कोणा गोऱ्या अधिकाऱ्याकडून मिळाले. दुसरे काळपट होते. नळीवर गंजाचे पुरळ, लाकडी मुठीला चीर, आणि घोडा अर्ध्यावर अडकणारा. काळपट ते देऊन टाकायचे, लखलखीत ते ठेवायचे. 'फक्त एकदा येऊन नजर टाका,' एवढेच स्नेह्यांचे म्हणणे होते.

प्रस्तुत लेखक शस्त्रतज्ज्ञ नव्हे. संग्रहालयांतल्या काचेच्या कपाटांपुढे फार वेळ उभे राहण्याची खोड असलेला एक हौशी माणूस आहे, इतकेच. परंतु या छंदात पहिला जो धडा मिळतो तो असा, की जुन्या रिव्हॉल्व्हरची निवड लकाकी पाहून करायची नसते. आधी नेम धरण्याची सोय पाहायची आणि मग नळीवरची अक्षरे वाचायची. लोकल गाड्या तेव्हा सर्वांना खुल्या नव्हत्या. टॅक्सीने रे रोडवरून जाताना दारूखाना लागला. आज जुनी जहाजे तोडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागाच्या नावातली दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची आहे, हे मुंबईकरांनाही आता सांगावे लागते.

आधी कायद्याविषयी. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याअन्वये एका व्यक्तीला तीन बंदुका वा पिस्तुले बाळगण्याची मुभा होती. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली आणि वारशाने आलेली शस्त्रेही त्यात धरली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी एका वर्षाच्या आत तिसरे पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे ठरले. त्यामुळे त्या वर्षी देशभरातील कित्येक घरांत, ज्यांचा चाप कोणी ओढलेलाही नव्हता अशा शस्त्रांची निवड करण्याचा प्रसंग आला.

इतक्या जुन्या वस्तूला परवाना कशाला, असे वाचक विचारतील. कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे, ही गोष्ट खरी. मात्र ते कलम तिथे थांबत नाही. ते शस्त्र दुरुस्ती करून वा न करता, कोणत्याही प्रकारे बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, अशी अट त्यातच आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचे असले तरी ज्यातून उद्या गोळी सुटू शकते ते रिव्हॉल्व्हर या सवलतीत बसत नाही. कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि नसला की वर्तमानपत्रात बातमी येते, हे आपण वाचतोच. अमेरिकेत स्थिती वेगळी आहे. तिथल्या १९६८ च्या संघराज्य कायद्याने १८९८ पर्यंत बनलेली शस्त्रे आणि टोपी लावून उडवायच्या जुन्या पद्धतीच्या शस्त्रांच्या प्रतिकृती यांना सामान्यतः बंदुकीच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. तिथे राहणारा भाचा जी वस्तू हौसेने विकत घेऊ शकतो, तीच मामांसाठी भेट म्हणून बॅगेत घालून सहार विमानतळावर उतरला तर कस्टम आणि पोलीस असा दुहेरी प्रसंग ओढवतो. हे अज्ञानातून घडते आणि अज्ञानाची सबब चालत नाही.

घरी पोहोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही रिव्हॉल्व्हरना कोणी हात लावू नये असे सांगितले. ठासणीच्या शस्त्रात दारू आणि गोळी आत भरलेली राहून गेली असेल तर ती शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. काळ्या दारूला वय नसते. मागच्या बाजूने निपलवर तांब्याच्या टोप्या दिसतात का, हे लांबून, नळी भिंतीकडे असताना पाहावे. चक्राच्या कप्प्यांत काही ठासलेले असल्याची शंका आली तर वस्तू आहे तिथे ठेवून परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. घोडा ओढून 'पाहू या चालते का' हा प्रयोग घरात कदापि करू नये. सुदैवाने दोन्ही रिकामी होती.

आता ही यंत्रे चालत कशी, ते थोडक्यात पाहू. आजच्या काडतुसात गोळी, दारू आणि ठिणगी देणारे द्रव्य अशा तिन्ही गोष्टी पितळी नळकांड्यात एकत्र असतात. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्या वेगवेगळ्या असत. चक्राच्या प्रत्येक कप्प्यात समोरून दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबायची, आणि मागच्या निपलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. कोकणात हिलाच केप म्हणतात. टोपीत पाऱ्याचे स्फोटक संयुग असे. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाई. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचे एकस्व १८०७ मध्ये घेतले. त्याला म्हणे बदकांच्या शिकारीत गारगोटीच्या बंदुकीची आधी दिसणारी ठिणगी अडचणीची वाटे. सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्राची कल्पना १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट केली, लंडनच्या रॉबर्ट अॅडम्सने १८५१ मध्ये आपली रचना मांडली, आणि १८७० च्या दशकात धातूच्या काडतुसांनी या सगळ्यांना मागे टाकले. अवघ्या चाळीस वर्षांचा हा संसार. आपला सत्तावनचा उठाव त्याच्या ऐन मध्यावर आला.

निवड करताना नजर प्रथम जावी ती नेम धरण्याच्या सोयीकडे, म्हणजे साइटकडे. त्या काळच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर ती जवळजवळ नेहमीच पक्की, न हलणारी असे. नळीच्या टोकाला छोटीशी माशी आणि मागे एक खाच. ती खाच कुठे आहे यावरून रचना ओळखता येते. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरला चक्रावरून जाणारी पट्टी नाही. नळी एका पाचरीने खालच्या दांड्यावर अडकवलेली असते, म्हणून मागची खाच चक्क घोड्याच्या ओठावर कापलेली असते आणि घोडा पूर्ण ओढल्याशिवाय ती डोळ्यांसमोर येतच नाही. घोडा थोडा ढिला झाला, पाचर झिजली, की नेम बदलला. रेमिंग्टनच्या सांगाड्याला चक्रावरून पट्टी आहे, आणि मागची साइट म्हणजे त्या पट्टीत कोरलेली एक चर, दुसरे काही नाही. अॅडम्सने याही पुढे जाऊन सांगाडा आणि नळी एकाच लोखंडातून घडवली, त्यामुळे सत्तर-ऐंशी वर्षे कोणी उपटासुपट केली तरी पुढची माशी आणि मागची खाच यांची रेषा हलत नाही.

या पक्क्या साइटचा एक तोटा होता, तो कबूल करायला हवा. गोळी वर लागते की खाली, हे दुरुस्त करायला स्क्रू नाही. माशी कानशीने घासायची किंवा बाजूला ठोकायची, एवढाच उपाय. कोल्टची बहुतेक रिव्हॉल्व्हर जवळच्या अंतरावर नेमाच्या वर मारतात, अशी जुनी तक्रार आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा इटलीत या शस्त्रांच्या प्रतिकृती बनू लागल्या, तेव्हा निशाणेबाजांसाठी काहींवर स्क्रूने वरखाली होणारी मागची साइट बसवण्यात आली. लक्ष्य भेदण्यासाठी ती उत्तम. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती म्हणजे नऊवारी नेसलेल्या बाईच्या मनगटावर डिजिटल घड्याळ. ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही साइट मूळ धाटणीचीच असावी असा दंडक आहे.

वडाळ्याच्या त्या लखलखीत रिव्हॉल्व्हरच्या पट्टीवर, मागच्या बाजूला, एक नाजूक स्क्रू होता. स्नेही तो अभिमानाने दाखवत होते. 'बघा, त्या काळातसुद्धा नेम साधण्याची केवढी सोय!'

मी काही बोललो नाही. बॅटरी आणि भिंग घेऊन नळी पाहू लागलो.

नळीवरच्या खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली खूण कारखान्याची किंवा विक्रेत्याची, दुसरी चाचणीगृहाची, तिसरी अनुक्रमांकाची. विक्रेत्याचे नाव फार विश्वासाचे नाही. लंडन किंवा कलकत्त्याचा दुकानदार दुसऱ्याच्या मालावर आपले नाव कोरून घेई. चाचणीगृहाची खूण मात्र सरकारी शिक्क्यासारखी. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी फुटत नाही याची खात्री केल्यावरच ती उमटवली जाते. लंडनची खूण म्हणजे मुकुटाखाली 'व्ही' आणि मुकुटाखाली 'जीपी' ही गुंफलेली अक्षरे. बर्मिंगहॅमची खूण म्हणजे एकमेकांना छेदणारे दोन राजदंड, वर मुकुट आणि मधल्या जागांत अक्षरे. बेल्जियममधल्या लीजची खूण म्हणजे लंबगोलात 'ईएलजी' ही अक्षरे. या लंबगोलावर मुकुट असेल तर ती खूण १८९३ नंतरची, कारण मुकुट तेव्हा जोडला गेला. १८६० सालचे म्हणून कोणी आपल्याला मुकुटवाला शिक्का दाखवला तर नम्रपणे चहा पिऊन उठावे. चक्राच्या प्रत्येक कप्प्याबाहेरही अशा खुणा असतात, आणि सांगाडा, नळी, चाप-रक्षक यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात की नाही तेही पाहायचे असते. न जुळणारे क्रमांक म्हणजे दोन-तीन मोडक्या शस्त्रांतून जोडलेला ऐवज.

खूण आहे एवढ्याने भागत नाही, ती कशी आहे हेही पाहावे लागते. पोलादी ठशाने ठोकलेल्या अक्षराची कड तीक्ष्ण असते, आणि धातू बाजूला सरकल्यामुळे भोवती किंचित उंचवटा राहतो. जुन्या बाजारांत शोभेच्या म्हणून मिळणाऱ्या ओतीव नकलांवर अक्षरेही ओतलेलीच असतात, त्यांच्या कडा साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गोल. आणि अस्सल नळी कोणी बफच्या चाकावर चकाकवली तर अक्षरांचा उंचवटा जातो, मग कडा जाते, मग एखादे अक्षर अर्धे होते. नळीच्या आठ पैलूंची धारही त्याबरोबर बोथट होते. गंजाने जेवढे नुकसान शंभर वर्षांत होत नाही तेवढे बफ अर्ध्या तासात करते. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात शस्त्रे पाहताना वाचकांनी मुठीवरचे नक्षीकाम क्षणभर बाजूला ठेवून अशा ठोकलेल्या खुणांच्या कडा पाहाव्यात. डोळा तिथेच तयार होतो.

लखलखीत रिव्हॉल्व्हरची नळी अशीच घोटलेली होती. तरी वरच्या बाजूला 'पेटंटेड सप्टें. १४, १८५८' एवढे वाचता येत होते. रेमिंग्टनच्या नळीवर ही ओळ असतेच. पेटंटची तारीख १८५८ ची, प्रत्यक्ष उत्पादन त्याहून नंतरचे. म्हणजे घरातली सत्तावनची कथा त्या नळीनेच खोटी ठरवली होती आणि ती अक्षरे वर्षानुवर्षे हळदकुंकवाखाली सर्वांसमोर होती! पण गोष्ट इथे संपली नाही. नळीखालचा दांडा खाली ओढला तेव्हा त्याच्या आडोशाला, जिथे बफ पोहोचले नव्हते, तिथे स्वच्छ अक्षरे सापडली. चांदणीखाली 'पीएन' आणि शेजारी चौकोनात 'एए'. पीएन म्हणजे इटालियन भाषेत पोल्वेरे नेरा, काळी दारू. ही गार्दोने गावच्या चाचणीगृहाची खूण. आणि इटालियन पद्धतीत चौकोनातली ती दोन अक्षरे म्हणजे १९७५ साल.

परदेशात अशा प्रतिकृती विकत घेणारे अनेकदा 'नळी स्वच्छ हवी' असा आग्रह धरतात. त्यांना उत्पादकाचे नाव, 'फक्त काळी दारू वापरा' अशी सूचना हे सारे नळीच्या दर्शनी बाजूवर नको असते, दांड्याखाली चालते. प्रामाणिक हौसेसाठी हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण काही जण त्या खुणा घासून काढतात, जुनाट रंग चढवतात, आणि तिसऱ्या-चौथ्या हाती ती वस्तू अस्सल म्हणून विकली जाते. तेव्हा नळी स्वच्छ आहे म्हणजे खुणा ठळक आहेत, की खुणाच नाहीत, हा भेद ओळखायला हवा. पहिली निर्धास्त निवडावी. दुसरीला हात लावू नये.

स्नेह्यांच्या वडिलांची उमेदीची वर्षे बोटीवर गेली होती. सत्तरच्या दशकात परदेशातून सामान आणणे आजच्याइतके अशक्य नव्हते. परवान्याच्या पहिल्या कागदावरची तारीखही त्याच काळातली निघाली. तो कागद तिजोरीतच होता, फक्त कोणी वाचला नव्हता.

मग काळपट रिव्हॉल्व्हर पुढे ओढले. चक्रात पाच कप्पे, सहा नव्हे. घोड्याला बोटाने मागे ओढण्याचा काटा, आणि शिवाय केवळ चाप दाबूनही घोडा उठावा अशी रचना. नळी आणि सांगाडा अखंड. मागची खाच पट्टीत कापलेली, पुढची माशी पात्यासारखी, दोन्ही जागच्या जागी. लक्षणे अॅडम्सची, आणि तीही लेफ्टनंट ब्युमाँट यांनी १८५६ मध्ये सुधारलेल्या नमुन्याची. नळीवर तेलाचे बोट फिरवून, पुसून, दिवा तिरका धरला तेव्हा गंजाच्या पुरळातून मुकुट आणि 'व्ही' वर आले. चक्रावर दोन कप्प्यांआड तीच खूण. सांगाड्यावर पेटंटचा क्रमांक होता, त्यातले शेवटचे दोन आकडे गंजाने खाल्लेले.

त्या काळी ब्रिटिश अधिकारी कमरेचे शस्त्र स्वतःच्या पैशाने घेत. कोल्ट की अॅडम्स, हा वाद त्यांच्या भोजनगृहांत रंगत असे. कोल्ट दूरवर अचूक, पण तिची नौदलाची म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती ०.३६ इंच व्यासाची, गोळी हलकी. अॅडम्सची नळी '५४ बोअर', म्हणजे एका पौंड शिशात तिच्या मापाच्या ५४ गोळ्या बसत, व्यास ०.४४२ इंच. पुढे स्वतःच्या नावाचे रिव्हॉल्व्हर काढणाऱ्या कर्नल फॉसबेरी यांनी उठावातला एक किस्सा सांगून ठेवला आहे. नेमबाजीचा गर्व असलेल्या एका अधिकाऱ्याने अंगावर तलवार घेऊन येणाऱ्या शिपायावर कोल्ट रिकामे केले. जवळपास सर्व गोळ्या वर्मी लागल्या, तरी शिपाई थांबला नाही, आणि त्याच्या घावाने अधिकारी कोसळला. किस्सा सांगणाऱ्याला त्यातून गोळीच्या वजनाबद्दल बोलायचे होते. आपल्याला तो वाचताना दुसरेच काही आठवते.

१८७८ च्या लॉर्ड लिटन यांच्या शस्त्र कायद्यानंतर सामान्य हिंदी माणसाच्या घरात असे रिव्हॉल्व्हर टिकणे अवघड झाले. जी टिकली ती बहुधा संस्थानिक, इनामदार किंवा सरकारी चाकरीतील घरांत. वडाळ्याच्या या घराचा पूर्वज अशा कोणत्या चाकरीत होता, याचा कागद मात्र मिळाला नाही.

गंज पाहून स्नेह्यांना राहवेना. 'पॉलिश कागदाने एकदा घासू का?' असे त्यांनी विचारले. घासू नये, हे सांगताना थोडे रसायनशास्त्र सांगावे लागले. टोपीतल्या मिश्रणात पाऱ्याच्या संयुगाबरोबर पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर जे क्षार मागे राहतात त्यांतला प्रमुख पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि लोखंड आतून खातो. ज्या वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रहींनी धाडी घातल्या, तिथली खारी हवा या कामाला बाहेरून हातभार लावते. उपाय घासण्याचा नाही, कोरडे ठेवण्याचा आहे. मऊ सुती कापड, अॅसिड नसलेले हलके तेल, तांब्याच्या बोथट पट्टीने सुटा गंज अलगद काढणे, आणि हाताळताना हातमोजे, कारण घामही क्षारच. चामड्याच्या म्यानात तर मुळीच ठेवू नये, चामडे ओल धरते. पितळ चकाकवण्याच्या पावडरी, चिंच, लिंबू हे सगळे देव्हाऱ्यातल्या भांड्यांसाठी ठीक. आणखी एक गोष्ट. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा परदेशी लिलावात किती पैसे येतील ही चौकशी करण्यातही अर्थ नाही.

एवढे होईपर्यंत आतल्या खोलीतून स्नेह्यांच्या आत्या बाहेर आल्या. वय नव्वदीला टेकलेले, मुखपट्टी हनुवटीखाली. टेबलावरची दोन्ही रिव्हॉल्व्हर त्यांनी पाहिली आणि भाच्याला म्हणाल्या, "अरे, आमच्या लहानपणी दसऱ्याला पाटावर हे काळंच असायचं. ते चकचकीत दादानं आणलं, बोटीवर होता तेव्हा. मग काळं मागं पडलं."

"आणि सत्तावनची गोष्ट, आत्या?"

"गोष्ट काळ्याचीच. कुणी कधी पलीकडे सरकवली, देव जाणे."

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्नेह्यांनी लखलखीत रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली आणि परवान्यावर तशी नोंद करून घेतली. काळ्या रिव्हॉल्व्हरच्या वर्णनातही दुरुस्ती झाली. आधी तिथे नुसतेच 'जुने रिव्हॉल्व्हर' असे होते, आता बनावट, कप्प्यांची संख्या आणि क्रमांकाचे वाचता आले तेवढे आकडे लिहिले आहेत. क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे तिथेही मोकळेच आहेत.